हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या बोधात्मक क्षमतेचे रक्षण : नवी मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

हृदयशस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या स्मरणशक्तीत, एकाग्रतेत आणि विचारांच्या गतीत घट आढळते. ही घट किती रुग्णांत होते, ती किती काळ टिकते आणि तिचे कारण शस्त्रक्रिया की मूळचा रक्तवाहिन्यांचा विकार, याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकीय मत पुष्कळ बदलले आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा आढावा घेऊन शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि घर या तीन ठिकाणी कोणते उपाय शक्य आहेत याचे विवेचन केले आहे. बोधात्मक क्षमतेचे रक्षण एखाद्या औषधाने वा यंत्राने साध्य होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचे मोजमाप, रुग्णाच्या भाषेतील संवाद आणि घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा ही त्याची मुख्य अंगे आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हृदयशस्त्रक्रिया, बोधात्मक क्षमता, डिलिरियम, हृदय-फुफ्फुस यंत्र, मातृभाषेतील चाचण्या, नवी मुंबई.

१. प्रास्ताविक

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके सुकले, हृदयाचा आलेख समाधानकारक आला; तरीही घरी परतलेला रुग्ण पूर्वीसारखा राहिला नाही, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. वर्तमानपत्रातील एकच परिच्छेद तो पुन्हा पुन्हा वाचतो. ओळखीच्या माणसाचे नाव आठवत नाही. दोन कामे एका वेळी सांगितली तर दुसरे विसरतो. तुर्भ्याच्या बाजार समितीत आयुष्यभर गोण्यांचा हिशेब तोंडी ठेवणारा माथाडी कामगार असो, की टिपणांचा आधार न घेता तासभर शिकवणारा प्राध्यापक असो, ज्या बुद्धिव्यापारावर त्याचा आत्मविश्वास उभा होता तोच डळमळीत झाला तर वाचलेल्या आयुष्याचा अर्थ काही अंशी हरवतो.

या अनुभवाला समाज दोन टोकांनी प्रतिसाद देतो. एका टोकाला भीती असते. ‘बायपास केली की डोके चालत नाही’ या ऐकीव समजुतीने काही रुग्ण आवश्यक शस्त्रक्रियाही पुढे ढकलतात. दुसऱ्या टोकाला उपेक्षा असते. ‘वय झाले, एवढे चालायचेच’ असे म्हणून जे वेळीच ओळखता आले असते तेही दुर्लक्षिले जाते. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीवर आधारलेल्या आहेत.

नवी मुंबईत हा प्रश्न विशेष विचारात घेण्याजोगा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर हे नियोजित शहर उभे राहिले. शहराच्या पहिल्या दशकांत तरुण वयात येथे स्थायिक झालेली पिढी आता साठी-सत्तरीच्या घरात आहे, म्हणजेच हृदयविकाराच्या वयात आहे. एकेकाळी हृदयशस्त्रक्रियेसाठी येथील रुग्णाला खाडी ओलांडून मुंबईत जावे लागे. आता नेरुळचे डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय, बेलापूर येथे २०१६ साली सुरू झालेले अपोलो रुग्णालय यांसारख्या संस्थांत ही सोय शहरातच उपलब्ध आहे. शस्त्रक्रिया घराजवळ आली. तिच्या नंतरची काळजीही घराजवळ येणे हे पुढचे पाऊल ठरते.

२. बोधात्मक क्षमता आणि तिच्यातील बिघाडाचे प्रकार

अवधान, स्मरण, भाषा, अवकाशाचे आकलन, नियोजन आणि विचारप्रक्रियेची गती या मानसिक व्यापारांना एकत्रितपणे बोधात्मक क्षमता म्हटले जाते. शस्त्रक्रियेनंतर या क्षमतेत होणारे बदल एकाच स्वरूपाचे नसतात. २०१८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचविलेल्या परिभाषेनुसार त्यांची विभागणी प्रामुख्याने काळाच्या आधारे केली जाते.

पहिला प्रकार डिलिरियम, म्हणजे तीव्र संभ्रमावस्था. ती बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उद्भवते. रुग्णाचे लक्ष टिकत नाही, स्थळकाळाचे भान सुटते, आणि ही अवस्था दिवसभरात कमीजास्त होत राहते. काही रुग्ण नळ्या ओढतात, आरडाओरडा करतात. त्यामुळे त्यांच्याकडे लगेच लक्ष जाते. परंतु अनेक रुग्ण उलट शांत, सुस्त व निर्विकार होतात. ‘आजोबा शांत झोपून आहेत’ अशी नोंद होते आणि डिलिरियम निदानाविना राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे पहिल्या तीस दिवसांत दिसणारी घट. तिला विलंबित बोधात्मक पुनर्लाभ असे म्हणता येईल. या संज्ञेतच आशावाद आहे, कारण बहुसंख्य रुग्णांत ही घट भरून निघते. तिसरा प्रकार तीस दिवसांनंतर ते बारा महिन्यांपर्यंत टिकून राहणाऱ्या घटीचा होय. बारा महिन्यांनंतर दिसणाऱ्या घटीचे निदान इतर कोणत्याही व्यक्तीप्रमाणेच स्वतंत्रपणे करावे लागते.

या तिहींहून पक्षाघात वेगळा मानला पाहिजे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, बायपास झालेल्या २,१०८ रुग्णांच्या अमेरिकेतील अभ्यासात पक्षाघातासारख्या गंभीर मेंदूविकाराचे प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले होते. तितक्याच, म्हणजे सुमारे ३ टक्के, रुग्णांत बौद्धिक क्षमतेची ठळक घसरण वा झटके दिसून आले. येथे विचारात घेतलेली सूक्ष्म घट मात्र साध्या तपासणीत दिसत नाही; ती चाचण्यांनीच उघड होते.

३. मेंदूला धोका कोठून येतो

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी जवळजवळ वीस टक्के वाटा एकट्या मेंदूला लागतो. रक्तपुरवठ्यातील अल्प व्यत्ययही त्याला सहन होत नाही. हृदय थांबवून त्यावर काम करायचे आणि त्या वेळी मेंदू जिवंत ठेवायचा, ही हृदयशस्त्रक्रियेची प्रारंभापासूनची अडचण होती. सप्टेंबर १९५२ मध्ये मिनेसोटा येथे जॉन लुईस यांनी शरीर थंड करून, म्हणजे मेंदूची प्राणवायूची गरज कमी करून, हृदय उघडले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी या क्षेत्राचा पाया घातला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये तेथे भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. त्या काळी प्रश्न रुग्ण जगतो की नाही हा होता. जगण्याचे प्रमाण वाढल्यावरच तो कसा जगतो हा प्रश्न पुढे आला.

हानीची संभाव्य कारणे चार गटांत मांडता येतात. पहिला गट सूक्ष्म कणांचा. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीवर चरबी व कॅल्शियमचे थर साचलेले असल्यास तेथे चिमटा लावताना वा नळी घालताना त्यांचे कण सुटतात आणि मेंदूकडे वाहत जातात. यंत्राच्या परिपथातील हवेचे बुडबुडे आणि छातीच्या पोकळीतून शोषून परत घेतलेल्या रक्तातील चरबीचे थेंब हेही याच मार्गाने जातात. दुसरा गट रक्तदाब व रक्तप्रवाहाचा. ज्यांना दीर्घकाळ उच्च रक्तदाब आहे त्यांचा मेंदू वरच्या दाबाला सरावलेला असतो. इतरांना पुरेसा ठरणारा दाब त्यांना अपुरा पडू शकतो. तिसरा गट दाहाचा. रक्ताचा परक्या पृष्ठभागाशी संपर्क आणि शस्त्रक्रियेचा आघात यांमुळे शरीरभर दाहक प्रतिक्रिया उसळते व तिचा परिणाम मेंदूवरही होतो. चौथा गट तापमानाचा. थंड केलेले शरीर पुन्हा ऊबदार करताना घाई झाल्यास मेंदू शरीराच्या इतर भागांपेक्षा अधिक तापतो, आणि तापलेला मेंदू इजेला अधिक बळी पडतो.

शस्त्रक्रिया कोणावर होत आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात, नैराश्य आणि आधीपासूनच किंचित खालावलेली स्मृती यांमुळे धोका वाढतो. दीर्घ शिक्षण व बौद्धिक सवयी काही प्रमाणात संरक्षक ठरतात. मेंदूजवळ जणू राखीव साठा असतो आणि ज्याचा साठा मोठा त्याची तूट उशिरा दिसते.

४. आकडे आणि त्यांचा अर्थ

या विषयावरील चर्चेला २००१ साली मोठी चालना मिळाली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मार्क न्यूमन व सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या २६१ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. रुग्णालयातून घरी सोडताना ५३ टक्के, सहा आठवड्यांनी ३६ टक्के, सहा महिन्यांनी २४ टक्के आणि पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांत घट आढळली. प्रथम सुधारणा आणि नंतर पुन्हा घसरण असा हा आलेख होता. बायपासमुळे बुद्धी मंदावते, ही समजूत या आकड्यांनी दृढ केली.

परंतु या अभ्यासात एक उणीव होती. शस्त्रक्रिया न झालेल्या समान रुग्णांचा गट तुलनेसाठी नव्हता. पासष्टीच्या, मधुमेह व रक्तदाब असलेल्या व्यक्तीची स्मृती पाच वर्षांत शस्त्रक्रियेविनाही घटू शकते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ओला सेल्नेस व सहकाऱ्यांनी ही उणीव भरून काढली. त्यांनी बायपास झालेले रुग्ण, औषधोपचार वा अन्य मार्गाने उपचार घेणारे हृदयरुग्ण आणि हृदयविकार नसलेल्या व्यक्ती यांची सहा वर्षांपर्यंत तुलना केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयरुग्णांच्या निरनिराळ्या गटांत दीर्घकालीन फरक दिसला नाही. फरक दिसला तो हृदयविकार असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींत. म्हणजे दूरच्या काळातील घसरणीचा मुख्य धागा शस्त्रक्रियेपेक्षा रक्तवाहिन्यांच्या विकाराशी जोडलेला आहे.

यंत्राला दोषी मानणाऱ्या मताचीही अशीच परीक्षा झाली. धडधडत्या हृदयावर, यंत्राचा वापर न करता बायपास करण्याची पद्धती भारतात मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. तिच्यामुळे मेंदू सुरक्षित राहील अशी स्वाभाविक अपेक्षा होती. नेदरलँड्समधील ऑक्टोपस चाचणीत कमी धोक्याच्या २८१ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. तीन महिन्यांनी यंत्रविरहित गटात २१ टक्के, तर यंत्र वापरलेल्या गटात २९ टक्के रुग्णांत घट होती. वर्षभरानंतर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे निम्म्या रुग्णांत घट दिसली. भारतीय रुग्णालयांचा सहभाग असलेल्या, ४,७५२ रुग्णांच्या ‘कोरोनरी’ चाचणीतही वर्षअखेर बोधात्मक चाचण्यांत दोन पद्धतींत महत्त्वाचा फरक आढळला नाही.

या आकड्यांकडे पाहताना मोजमापाचे तंत्रही समजून घ्यावे लागते. ‘घट’ कशाला म्हणायचे याची व्याख्या अभ्यासागणिक बदलते. कोठे चारपैकी एका क्षेत्रातील गुण एका प्रमाण विचलनाने घटणे पुरेसे मानले जाते, तर कोठे एकपंचमांश चाचण्यांत वीस टक्क्यांची घसरण आवश्यक धरली जाते. चाचण्यांची संख्या जितकी जास्त, तितकी केवळ योगायोगाने एखाद्या चाचणीत घसरण होण्याची शक्यता अधिक. निरोगी व्यक्तींची दोनदा चाचणी घेतली तरी काहींचे गुण कमी येतात. याउलट, तीच चाचणी पुन्हा दिल्यास सरावाने गुण वाढतात आणि खरी घट त्याखाली झाकली जाते. म्हणून तुलनात्मक गटाविना दिलेली टक्केवारी सावधपणे स्वीकारली पाहिजे. परीक्षा व मूल्यमापन हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे त्या प्राध्यापकवर्गाला ही अडचण सहज उमगेल.

या साऱ्याचा अर्थ शस्त्रक्रिया निर्धोक आहे असा मात्र नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, साठ वर्षांवरील २२५ हृदयशस्त्रक्रिया रुग्णांच्या अभ्यासात ४६ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. सहा महिन्यांनंतर डिलिरियम झालेल्यांपैकी ४० टक्के, तर न झालेल्यांपैकी २४ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वीच्या पातळीवर परतले नव्हते. पहिल्या आठवड्यातील संभ्रम ही केवळ तात्पुरती गैरसोय नसून पुढील महिन्यांची सूचना असू शकते.

५. शस्त्रक्रियागृहातील उपाय

शस्त्रक्रियागृहात बोधात्मक रक्षणाची जबाबदारी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि हृदय-फुफ्फुस यंत्र चालविणारा पर्फ्युजनिस्ट यांची सामायिक असते. महाधमनीला हात लावण्यापूर्वी तिच्यावर थेट ध्वनिलहरींचा शोधक ठेवून साचलेले थर कोठे आहेत हे पाहता येते आणि चिमट्याची जागा बदलता येते. रक्तात हवा थेट मिसळणाऱ्या जुन्या प्राणवायुकारक उपकरणांची जागा पडदायुक्त उपकरणांनी घेतल्यापासून बुडबुडे कमी झाले. परिपथातील गाळण्या उरलेले बरेचसे कण अडवितात. झडपेच्या शस्त्रक्रियेत छातीच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, कारण तो हवेपेक्षा रक्तात लवकर विरघळतो.

तापमानाच्या बाबतीत अमेरिकेतील तीन व्यावसायिक संघटनांनी २०१५ साली एकत्रितपणे मार्गदर्शक सूत्रे दिली. ऊब देताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये आणि ३० अंशांनंतर ते मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा अधिक वेगाने वाढवू नये, असा त्यांचा आशय आहे. या उपायाला खर्च नाही. लागतो तो संयम. शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकाचा ताण असताना ही दहा-पंधरा मिनिटे राखणे हीच खरी कसोटी असते.

एकेकट्या उपायावर ठेवलेल्या अपेक्षा मात्र बहुधा फोल ठरल्या. रक्तदाब वरच्या पातळीवर राखल्याने मेंदूतील नव्या इजा कमी होतात का, हे पाहणाऱ्या डेन्मार्कमधील २०१८ सालच्या चाचणीत लाभ दिसला नाही. डेक्समेडेटोमिडीन या औषधाने डिलिरियम टळेल अशी आशा होती. २०२० सालच्या ७९८ रुग्णांच्या चाचणीत ती पूर्ण झाली नाही. मेंदूच्या विद्युतआलेखावरून भुलेची मात्रा ठरविणाऱ्या कॅनडातील चाचणीत, २०२४ साली, दोन्ही गटांत डिलिरियमचे प्रमाण सुमारे १८ टक्केच राहिले. कारणे अनेक असताना एका उपायाने परिणाम साधणार नाही, हाच या अपयशांचा धडा होय.

६. अतिदक्षता विभाग : संवाद हाच उपचार

औषधांच्या तुलनेत साध्या, मानवी उपायांची कामगिरी लक्षणीय आहे. येल विद्यापीठातील शॅरॉन इनूये व सहकाऱ्यांनी १९९९ साली सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाला वारंवार स्थळकाळाची जाणीव देणे, रात्रीची झोप राखणे, लवकर हालचाल करविणे, चष्मा व श्रवणयंत्र देणे आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण सांभाळणे असे त्याचे स्वरूप होते. डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. हे रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे नव्हते, हे खरे. तथापि पुढे हीच तत्त्वे शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीतही स्वीकारली गेली.

आपल्याकडे या उपायांचे स्वरूप स्थानिक परिस्थितीनुसार ठरवावे लागेल. नवी मुंबईतील अतिदक्षता विभागात आगरी बोलणारी आजी, सातारी वळणाचे मराठी बोलणारे आजोबा आणि केरळमधून आलेली परिचारिका एकत्र येतात. परिचारिका हिंदीतून विचारते, रुग्ण अर्धवट शुद्धीत असतो, आणि मधल्या दुव्याअभावी त्याचे मौन ‘प्रतिसाद नाही’ म्हणून नोंदले जाते. शुद्धीवर येणाऱ्या मेंदूला सर्वांत जवळची असते ती घरातील भाषा. ‘आज मंगळवार आहे, सकाळचे आठ वाजलेत, तुम्ही नेरुळला रुग्णालयात आहात, ऑपरेशन नीट झाले आहे’ अशी चार वाक्ये रुग्णाच्या बोलीत, नातेवाइकाच्या आवाजात दिवसातून अनेकदा ऐकविणे हा खर्चाविना होणारा उपचार आहे.

म्हणून भेटीच्या वेळा केवळ शिस्तीचा विषय मानता येणार नाहीत. जंतुसंसर्गाची काळजी घेऊन एका नातेवाइकाला दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ बसू देणे, ऑपरेशनपूर्वी काढून ठेवलेला चष्मा, कवळी व श्रवणयंत्र नळी काढल्याबरोबर परत देणे, रात्री दिवे मंद करून यंत्रांचे आवाज शक्य तितके कमी करणे आणि डिलिरियमची तपासणी प्रत्येक पाळीत एकदा करणे, एवढ्या गोष्टी कोणत्याही रुग्णालयाला शक्य आहेत. या तपासणीची सुटसुटीत पद्धत परिचारिकांना अल्प प्रशिक्षणाने शिकता येते.

७. मोजमाप कोणत्या भाषेत?

घट झाली की नाही हे ठरविण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची पातळी माहीत असावी लागते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रक्त, मूत्रपिंड, फुफ्फुसे यांची तपासणी होते. स्मृतीची बहुधा होत नाही. परिणामी नंतरच्या तक्रारीची तुलना करण्यास काहीच हाती नसते.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. पाश्चात्त्य चाचण्यांत शंभरातून सात वजा करत जाणे, वाक्य लिहिणे, अक्षरे व अंक आळीपाळीने जोडणे असे प्रश्न असतात. शाळेत न गेलेला पण बाजारात अचूक हिशेब करणारा माणूस त्यांत अनुत्तीर्ण ठरतो आणि त्याचे अल्पशिक्षण बुद्धिमांद्य म्हणून नोंदले जाते. तारीख विचारल्यावर ‘श्रावण, एकादशी’ असे सांगणाऱ्या वृद्धेचे काळाचे भान शाबूत असते. चुकलेली असते ती उत्तरपत्रिका. मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ येथील निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मानसिक अवस्था चाचणी तयार करून १९९५ साली हा मार्ग दाखवून दिला. वाचन-लेखनावर अवलंबून असलेले प्रश्न त्यांनी तेथील जीवनाशी सुसंगत अशा प्रश्नांनी बदलले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विकसित केलेला चाचणीसंच २०२० साली प्रसिद्ध झाला तेव्हा तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत होता; त्या पाचांत मराठी नव्हती.

काही आंतरराष्ट्रीय चाचण्यांची मराठी रूपांतरे वापरात आहेत. परंतु रूपांतर म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. आगरी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या, वेगवेगळ्या शिक्षणस्तरांतील निरोगी व्यक्तींचे सरासरी गुण किती, हे ठरल्याविना रुग्णाच्या गुणांना अर्थ प्राप्त होत नाही. शब्दांची वारंवारता, उच्चारांची काठिण्यपातळी, चित्रांची परिचितता हे विषय मराठी, भाषाविज्ञान, मानसशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांचे आहेत. हृदयशस्त्रक्रियेच्या प्रश्नात महाविद्यालयीन संशोधनाचा थेट सहभाग येथेच शक्य आहे.

८. बालरुग्णांचा विचार

जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांच्यात संपादित क्षमतेबरोबरच घडत असलेली क्षमता जपायची असते. खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्रात अशा बालकांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाड्या व शाळांतील तपासणीतूनही अशी बालके पुढे येतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली केलेल्या शिफारशींनुसार गुंतागुंतीचे दोष असलेल्या बालकांच्या विकासाचा पाठपुरावा शालेय वयापर्यंत होत राहिला पाहिजे. बोलण्यातील विलंब, लक्ष न टिकणे, गणितातील अडचण हे परिणाम शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी वर्गात प्रकट होतात. तेव्हा शिक्षकाला मुलाच्या शस्त्रक्रियेची माहिती नसल्यास त्याला आळशी ठरविले जाते.

९. घरी परतल्यानंतर

बहुतेक रुग्ण साधारण आठवडाभरात घरी जातात आणि खरा काळ तेथे सुरू होतो. कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला वॉरफॅरिन वा असेनोकुमारॉलसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते. त्याची मात्रा तपासणीनुसार बदलते व कधी वारांप्रमाणे वेगवेगळी असते. स्मृती ढिली झालेला रुग्ण एकटा राहत असेल तर विसरलेली गोळी गुठळीला आणि दोनदा घेतलेली गोळी रक्तस्रावाला कारण होऊ शकते. मुले परदेशी वा दुसऱ्या शहरात आणि वृद्ध दांपत्य सदनिकेत, हे चित्र वाशी-नेरुळच्या वसाहतींत अपरिचित नाही. वारांची नावे मराठीत असलेली औषधपेटी, भिंतीवर लावलेला तक्ता आणि शेजारची एक जबाबदार व्यक्ती हेही बोधात्मक काळजीचेच भाग आहेत.

पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतील विसराळूपणाने घाबरून जाऊ नये, हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. या काळात मोठे आर्थिक व्यवहार, मृत्युपत्र, वाहन चालविणे, परीक्षक म्हणून काम स्वीकारणे पुढे ढकलणे इष्ट. तीन महिन्यांनीही अडचण कायम असेल तर तपासणी व्हावी. नैराश्य, झोपेतील श्वासरोध, थायरॉइडचा दोष, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, औषधांचे दुष्परिणाम आणि हृदयाचा अनियमित ठोका ही उपचारयोग्य कारणे असू शकतात. दीर्घकालीन घसरणीचा संबंध रक्तवाहिन्यांच्या विकाराशी असल्याने रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि नियमित चालणे हे हृदयाबरोबर मेंदूचेही उपचार ठरतात. नवी मुंबईतील ज्येष्ठ नागरिक संघांचे उपक्रम, सकाळचे फिरणे, वाचनालय व गप्पांचा कट्टा यांना या दृष्टीने वैद्यकीय मूल्य आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. बुद्धी मंदावेल या भीतीने आवश्यक हृदयशस्त्रक्रिया टाळणे सयुक्तिक नाही, कारण दीर्घकालीन घसरणीचे मोठे कारण उपचार न झालेला वा अनियंत्रित विकारच असतो. तथापि पहिल्या दिवसांतील संभ्रम व पहिल्या महिन्यांतील घट वास्तव आहे आणि ती मोजण्याची व्यवस्था रुग्णालयांनी केली पाहिजे. तिसरे म्हणजे हे रक्षण एकट्या शल्यविशारदाच्या हाती नाही. पर्फ्युजनिस्टचा संयम, परिचारिकेचा प्रश्न, नातेवाइकाचा आवाज, भाषातज्ज्ञाने पारखलेली चाचणी आणि शेजाऱ्याने आठवण करून दिलेली गोळी यांची ती साखळी आहे.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा सध्या मोजमापाचा आहे. नवी मुंबईत वैद्यकीय, परिचर्या, कला व विज्ञान महाविद्यालये एकमेकांपासून काही स्थानकांच्या अंतरावर आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी व तीन महिन्यांनंतर, रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत घेता येईल अशी अर्ध्या तासाची प्रमाणित मराठी चाचणी त्यांनी एकत्रितपणे सिद्ध केली, तर घरी परतलेल्या रुग्णाच्या ‘पूर्वीसारखे आठवत नाही’ या तक्रारीला प्रथमच निश्चित उत्तर देता येईल.